बरणीतले सफाईवाले

आईला घरात कुणी छळत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. दोन वेळचं गरम जेवण होतं, खिडकीपाशी मऊ गादीची खुर्ची होती, औषधं वेळच्या वेळी हातात मिळत होती. मुलगा आणि सून दोघंही तिच्याशी कधी वरच्या पट्टीत बोलत नसत. शेजारपाजारचे लोक आपापल्या मुलांना या घराचं उदाहरण देत. तरीही गेल्या दीड वर्षात ही बाई दिवसेंदिवस वाळत चालली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले, छातीला नळी लावून पाहिली आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं.

मुलगा औषधाच्या कारखान्यात तपासनीस होता. औषधाने भरलेली बाटली दिव्यासमोर धरायची, आधी काळ्या फळीपुढे, मग पांढऱ्या फळीपुढे, आणि आत एवढासा जरी कण तरंगताना दिसला तरी बाटली बाद करायची, हे त्याचं काम. दिवसाकाठी दीडेक हजार बाटल्या त्याच्या नजरेखालून जात. सोबतचे लोक त्याला तपासनीस अशीच हाक मारत, तेव्हा आपणही तेच म्हणू. आई स्वतः एकतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. दुसऱ्याच्या चुका शोधून पोट भरणं हा या घरचा पिढीजात धंदाच म्हणायचा.

वडील गेल्यावर तपासनीस आईला आपल्याकडे घेऊन आला. पहिल्याच महिन्यात तिच्या हातून दूध उतू गेलं, शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. सून वेळेवर आली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून आईला शेगडीजवळ जायची बंदी झाली. मग बोट कापलं म्हणून सुरी गेली. जिन्याची एक पायरी खचली होती म्हणून खाली जाऊन टपाल आणणं बंद झालं. फसवणुकीचे फोन येतात म्हणून तिचा फोनही तपासनीसच उचलू लागला. ती उठली रे उठली की तो म्हणे, "आई, तू आराम कर. मी आहे ना." प्रत्येक बंदीला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं, म्हणून तर कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सुनेच्या मात्र ते लक्षात येऊ लागलं होतं. ती एका दाताच्या दवाखान्यात कामाला होती. रोज माणसांच्या तोंडात डोकावल्यामुळे असेल, पण न बोलणाऱ्या माणसाचंही तिला बरंच कळायचं. एकदा ग्रंथालयात पुस्तक बदलायला गेली, तेव्हा दारावरची पाटी तिने वाचली: "बंद बरणीतली बाग. दर शनिवारी सकाळी दहा ते एक. शिकवणार, काचवाल्या बाई." घरी न विचारता तिने सासूचं नाव लिहून टाकलं आणि मग सांगितलं.

"अगं, तिथे काचा असतात," तपासनीस म्हणाला.

"तू दिवसभर काचाच हाताळतोस की."

तो कसाबसा तयार झाला. पण पहिल्या दोन शनिवारी सोबत म्हणून तो स्वतः गेलाच.

काचवाल्या बाई साठीच्या पुढच्या. नवऱ्यामागे काचेचं दुकान त्यांनीच चालवलं होतं. खिडक्यांची तावदानं कापायची, तसबिरींच्या चौकटी बसवायच्या, माशांच्या पेट्या जोडायच्या. दहा बोटांपैकी निदान दोन बोटांवर कायम चिकटपट्टी. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी लांब टेबलावर खडे, कोळसा, माती, जाळीचे तुकडे असं मांडून ठेवलं होतं आणि दहा-अकरा माणसं आपापली बरणी पुढ्यात घेऊन बसली होती.

"तुम्ही शिकायला आलात?" त्यांनी तपासनिसाला विचारलं.

"नाही, आईसोबत."

"त्यांना वाट माहीत नाही?"

"माहीत आहे."

"मग बसा. पण हात लावायचा नाही."

तो भिंतीशी बसला. आईने बिस्किटांची जुनी काचेची बरणी आणली होती, चांगली गुडघ्याएवढी उंच. तळाला खडे घालायचे, जास्तीचं पाणी तिथे उतरतं. त्यावर जाळी, म्हणजे माती खाली जात नाही. मग कोळशाचा चुरा, तो वास धरतो. मग माती. मग लांब चिमट्याने एकेक रोप आत सोडायचं, काठीला बांधलेल्या चमच्याने मुळाशी माती ढकलायची, वर शेवाळ आणि एखादा लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि शेवटी ब्रशने काच आतून पुसायची. बाईंनी हे सगळं एकदा करून दाखवलं आणि मग ज्याचं त्याला करू दिलं.

आईचा हात पहिल्यांदा चांगलाच थरथरला. नेच्याचं इवलंसं रोप चिमट्यातून दोनदा निसटलं. तपासनीस अर्धा उठला. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खाली बसला. तिसऱ्या वेळी रोप जागेवर बसलं. मग एका खड्याशी आईने तब्बल पाच मिनिटं घालवली. हा असा, नको, असा, नको, जरा तिरपा. छापखान्यात एखादा स्वल्पविराम ती अशीच मनासारखा होईपर्यंत सोडत नसे.

"मागे एवढी जागा मोकळी का ठेवायची?" तिने विचारलं.

"रोपं वाढणार ना. ती जागा त्यांची आहे, आज ती फक्त आलेली नाहीत."

तपासनिसाला मात्र वेगळीच शंका छळत होती. "झाकण लावल्यावर पाणी कोण घालणार?"

"कुणीही नाही."

"म्हणजे?"

"आता दोनदा फवारायचं आणि बंद करायचं. तेच पाणी वर जातं, काचेवर जमतं, खाली उतरतं. सकाळी काचेवर थोडं धुकं दिसलं तर सगळं ठीक. दिवसभर हटलंच नाही तर पाणी जास्त झालं, मग झाकण दोन तास उघडायचं. बाकी बघत राहायचं."

बघत राहणं ही तर तपासनिसाची रोजीरोटी! बरणी खिडकीत आली त्या दिवसापासून त्याचा सकाळचा कार्यक्रम ठरला. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात कारखान्यातून आणलेला काळा पुठ्ठा. आईही शेजारी येऊन उभी राही. आज धुकं डाव्या बाजूला का? पानाच्या टोकाला थेंब आला तो आतून आला की काचेवरून पडला? नेच्याचं नवं पान आधी गुंडाळलेलं का असतं? दीड वर्षांत औषधाच्या गोळ्या सोडून मायलेकरांत पहिल्यांदाच काही बोलणं होत होतं. आई आता सकाळी लवकर उठे, आणि जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली होती. हे सुनेने पाहिलं. तपासनीस बरणी पाहण्यात दंग होता.

तिसऱ्या शनिवारपासून कारखान्यात जादा पाळी लागली. आईला ने-आण सून करू लागली. सकाळचं मायलेकरांचं बोलणंही राहून गेलं, त्यामुळे पुढे वर्गात काय शिकवलं ते तपासनिसाला कळलं नाही.

एका रविवारी सकाळी त्याने काळा पुठ्ठा बरणीमागे धरला. मातीवर पांढरे ठिपके होते. एक, दोन, पाच, वीस. त्याने विजेरी जवळ नेली. ठिपके हलत होते! एकाने तर चक्क उडी मारली.

बारा वर्षं ज्याने एका कणासाठी बाटली बाद केली, त्याच्या घरातल्या काचेत जिवंत कण वळवळत होते. आईला सांगावं तर ती घाबरेल. किडे बाहेर येऊन तिला काही झालं तर? आई आंघोळीला गेली होती. त्याने स्वयंपाकघराच्या कपाटातून कीटकनाशकाचा डबा आणला, झाकण उघडलं, आत दोन फवारे मारले आणि झाकण घट्ट लावलं. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. आईची केवढी काळजी मिटली, असं त्याला मनापासून वाटलं.

बुधवारी संध्याकाळी आईचा फोन वाजला. तो अर्थातच तपासनिसाने उचलला. काचवाल्या बाई बोलत होत्या. त्यांच्या परगावच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं, त्यांना दोन महिने तिच्याकडे राहायचं होतं. "आठ शनिवार वर्ग तुमच्या आईंनी घ्यावा असं मनात आहे. हात त्यांचा थरथरतो, पण नजर फार पक्की आहे, आणि समजावून सांगायला त्यांना आवडतं. विचारून बघा आणि मला कळवा."

आई दहा पावलांवर बसली होती. तपासनिसाने आवाज उतरवला. "नाही हो बाई. आईला नाही झेपायचं. आभारी आहे." आणि फोन ठेवला.

"कोण होतं रे?"

"काही नाही, चुकीचा नंबर."

इकडे बरणीत आणखी वेगळंच चाललं होतं. गळलेल्या एका पानावर कापसासारखा पांढरा धागा दिसू लागला. दोन दिवसांनी तो मधल्या लाकडाच्या तुकड्यावर चढला, शनिवारपर्यंत शेवाळावर पसरला (त्या शनिवारी ग्रंथालयाला सुट्टी म्हणून वर्ग नव्हता), आणि रविवारी नेच्याची दोन पानं काळी पडली. आईने झाकण उघडून पाहिलं. आतून कुबट वास आला.

"माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली. "पाणी जास्त घातलं असेन. नाहीतर हात नीट धुतले नसतील."

"असू दे गं आई. होतं असं."

"तू म्हणतोस तेच खरं. आता नाही झेपत मला. पुढच्या शनिवारी नाही जात मी." तिने बरणीवर फडकं टाकलं आणि ती जाऊन पलंगावर आडवी झाली. दुपारी जेवायला उठली नाही.

तपासनिसाच्या मनासारखं झालं होतं. आई आता स्वतःहूनच आराम करत होती. मग आपल्याला बरं का वाटत नाही, ते त्याला कळेना. "तुम्हाला खरंच एवढं काय झालंय?" असं सून सासूला तीन-तीनदा विचारत होती आणि आई भिंतीकडे तोंड करून "काही नाही" म्हणत होती. आणि शिवाय त्याला एक कोडं सुटत नव्हतं. किडे तर मेले होते. बरणी आता अगदी स्वच्छ असायला हवी होती. मग बुरशी आली कुठून?

सोमवारी कामावरून सुटताच तो घरी येऊन बरणी घेऊन तडक काचवाल्या बाईंच्या दुकानात गेला.

बाई एक तावदान कापत होत्या. काच कापायच्या हत्याराने रेघ ओढून त्यांनी काच टेबलाच्या कडेला टेकवली, हलकेच दाबली, ती बरोबर रेघेवर तुटली. मग हात पुसून त्यांनी बरणी उजेडात धरली आणि भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"माझे सफाईवाले कुठे गेले?"

"कोण?"

"बारीक पांढरे किडे. उड्या मारतात. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एकेक चमचा दिला होता मी. बुरशी खातात ते, कुजलेलं खातात. झाडाला, माणसाला कशालाही त्रास नाही त्यांचा. तुमच्या आईंनी त्यांच्याबद्दल मला सतरा प्रश्न विचारले होते."

तपासनिसाची कानशिलं गरम झाली. "मी मारले," तो म्हणाला. "मला वाटलं, घाण आहे. आईला त्रास होईल. मी तिच्या काळजीपोटी..."

"मी कुठे म्हणते रागाने केलंत?" बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. ही बरणी कशामुळे जगते असं वाटतं तुम्हाला?"

"बंद आहे, म्हणून. बाहेरचं काही आत येत नाही. सुरक्षित आहे."

"बंद तर रिकामा डबाही असतो. ही जगते ती आत प्रत्येकाला काम आहे म्हणून. मुळं पाणी उचलतात, पानं सोडतात, काच परत देते, शेवाळ धरून ठेवतं. पान गळलं की हे बारके जीव त्याचा फडशा पाडतात. आराम करायला आत कुणी आलेलं नाही. यातल्या एकाचं काम तुम्ही बंद पाडलंत आणि आठ दिवसांत सगळी बरणी नासली." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुमच्या आई घरी काय करतात?"

"आराम करतात," तपासनीस म्हणाला.

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्याचा त्यालाच तो ऐकू गेला! दीड वर्षं तो जे मोठ्या अभिमानाने सांगत होता, ते या दुकानात, या नासलेल्या बरणीपुढे बसून उच्चारताना त्याची जीभ अडखळली. शेगडी गेली, सुरी गेली, जिना गेला, फोन गेला. त्याने एकेक काम उचलून बाजूला केलं होतं, बाटलीतला कण बाजूला करावा तसं. आणि मग डॉक्टरांकडे नेऊन विचारत होता की ही वाळत का चालली आहे.

"वर्ग घ्यायला त्या नाही म्हणाल्या याचं मला नवल वाटलं होतं," बाई म्हणाल्या. "शनिवारपासून वर्गाला कुलूपच लावावं लागणार. दुसरं कुणी मनात नाही माझ्या."

"ती नाही म्हणाली नाही," तपासनीस खाली मान घालून म्हणाला. "मी तिला विचारलंच नाही."

बाईंनी बरणी त्याच्यापुढे सरकवली. काळा पडलेला भाग चिमट्याने कसा काढायचा आणि झाकण दोन दिवस उघडं कसं ठेवायचं, ते त्यांनी सांगितलं. किड्यांची डबी शेजारच्या फळीवरच होती. त्याने हात पुढे केला, तशी त्यांनी मान हलवली. "ज्यांची बरणी आहे त्यांनी येऊन न्यावी."

घरी आल्यावर त्याने आईच्या पलंगापाशी बरणी ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फवारा, किडे, बुधवारचा फोन, चुकीचा नंबर. सून दारात उभी राहून ऐकत होती.

आई उठून बसली. त्याला वाटलं, ती डोक्यावरून हात फिरवेल. तिने तसं काही केलं नाही.

"बुधवारी फोन आला. आज सोमवार. पाच दिवस तू माझ्यासमोर जेवलास," ती म्हणाली. "काल मी माझं चुकलं म्हणाले, तेव्हाही तू तिथेच होतास."

"चुकलो आई. मला वाटलं, तुझ्याकडून परत काही झालं तर..."

"होऊ दे की. एकतीस वर्षं लोकांच्या चुका सुधारल्या मी. स्वतःच्या करायला आता कुठे सवड मिळाली होती, तर त्याही तू काढून घेतल्यास." तिने बरणी जवळ ओढली. "मला सांभाळतोस, ते कळतं मला. पण तू मला बाद केलंस रे."

 सून डोळे पुसत होती. आईने हात पुढे केला. "फोन दे माझा."

तिने नंबर स्वतः शोधला, स्वतः लावला. "काचवाल्या बाई, मी बोलतेय. माझं उत्तर तुम्हाला अजून मिळालेलं नाही..."  तिला भीती वाटत होती, हे उघड दिसत होतं. तरी ती आठही शनिवारांना हो म्हणाली, आणि डबी न्यायला उद्या सकाळी येते असंही म्हणाली.

त्या शनिवारी तपासनिसाला सुट्टी होती. सून कामावर गेली. आई नऊ वाजताच पिशवीत चिमटा, ब्रश आणि चष्मा घालून निघाली. तो चपला घालू लागला, तर ती म्हणाली, "तू येऊ नकोस. मी बसने जाते." खचलेली पायरी त्याने आदल्या दिवशीच गवंडी बोलावून दुरुस्त करून घेतली होती. हे काम खरं तर दीड वर्षापूर्वीच करता आलं असतं.

दार लागलं आणि तो घरात एकटा राहिला. कपडे धुऊन झाले होते. भाजी आईने पहाटे उठून स्वतः चिरून ठेवली होती. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मग खूप वेळ गेला असं वाटून पाहिलं, तर जेमतेम दहाला पाच कमी. बाहेर लोक कुठे कुठे निघाले होते आणि त्याला कुणी कशासाठी बोलावत नव्हतं. एक सकाळ त्याला निघता निघेना, आणि आईच्या अशा पाचशेच्या वर सकाळी गेल्या होत्या. हे मनात आलं, तेव्हा तपासनीस तोंडावर हात धरून एकट्याने रडला.

आई दीडच्या ऐवजी सव्वादोनला आली. नखांत माती, केस विस्कटलेले. "बस चुकली," ती म्हणाली. "आधी वाढ. अकरा जण होते. तिघांनी पाणी इतकं घातलं की डबकी झाली. एक गृहस्थ तर ऐकायलाच तयार नाहीत. हात भरून आलाय माझा. दमले बाई." आणि ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मग खोलीत जाऊन अशी गाढ झोपली, की संध्याकाळपर्यंत घरात तिचं घोरणं ऐकू येत होतं.

वाचकहो, म्हाताऱ्या माणसाला आराम लागतो हे खरं आहे. पण आराम लागतो तो दमलेल्या माणसाला. दमण्याचीच सोय आपण काढून घेतली, तर मागे जे उरतं त्याला आराम म्हणत नाहीत, त्याला अडगळ म्हणतात. आपल्यातले कितीतरी जण आपल्या आईवडिलांना असं प्रेमाने, मऊ आवाजात, चांगल्या घरात अडगळीत टाकत असतात आणि वर शाबासकी घेत असतात. एखादं दूध उतू जाईल, एखादं बोट कापेल. त्याची दक्षता घ्यावी, खचलेली पायरी दुरुस्त करावी, पण माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नये. काळजी घ्यायचीच असेल तर आज घरी जाऊन एवढंच विचारा: "तुला काय करायचं आहे?" आणि उत्तर यायला वेळ लागला, तरी मध्ये बोलू नका.